‘अथ’ आणि अकरावी

उच्च शिक्षणाकडे निघालेल्या विद्यार्थ्याला त्याच्या इयत्तेच्या पुढचे, अधिक कठीण असे काही शाळेतच शिकवावे काय, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा वाटतो. अमरावती-अकोल्यात तो ‘अकरावीला कुठला क्लास लावायचा’ अशा शब्दांत विचारला जातो आणि उत्तर बहुधा फीच्या आकड्यात मिळते. भारतीय दर्शनांनी मात्र या प्रश्नाचा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने केला आहे. तिथे त्याचे नाव ‘अधिकार’. आजच्या मराठीत हा शब्द हक्क किंवा सत्ता या अर्थाने वापरला जातो. शास्त्रात त्याचा अर्थ पात्रता, एखादे ज्ञान पेलण्याची तयारी, असा होतो. वेदान्ताच्या ग्रंथकाराने आरंभीच चार गोष्टी सांगायच्या असतात: विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध काय, आणि हे वाचण्याचा अधिकारी कोण. शिकवणीच्या कुठल्याही माहितीपत्रकात पहिल्या तिन्ही गोष्टी सापडतात. चौथीच्या जागी दहावीची टक्केवारी असते.

बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांचा पहिलाच शब्द ‘अथ’ आहे. ‘अथ’ म्हणजे ‘यानंतर’. कशानंतर, यावर आचार्यांचे एकमत झाले नाही, आणि त्यांच्या मतभेदात या विषयाचा गाभा आहे. शंकराचार्यांच्या मते ब्रह्मजिज्ञासेच्या आधी कर्मकांडाचा अभ्यास झालेला असलाच पाहिजे असे नाही. आधी हव्यात त्या चार मनःस्थिती: नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, इहलोकीच्या व परलोकीच्या फळांविषयी वैराग्य, शम-दमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. पूर्वमीमांसा आणि उत्तरमीमांसा हे त्यांच्या दृष्टीने एकाच शास्त्राचे दोन भाग आहेत. पहिला नीट वाचल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही. कर्माचे फळ अल्प आणि अस्थिर असते हे पहिला भाग वाचतानाच कळते आणि त्या कळण्यातून पुढची जिज्ञासा उगवते. म्हणजे एकाला विद्यार्थ्याच्या मनाची घडण महत्त्वाची वाटते, तर दुसऱ्याला अभ्यासाचा क्रम. पुढचे शिक्षण कुणाला द्यावे याची जगभर जी उत्तरे दिली जातात, ती घोळून घोळून याच दोन्हींपैकी एका बाजूला जाऊन बसतात.

उपनिषदांतल्या कथा या तात्त्विक वादाला माणसांचे चेहरे देतात. प्रश्नोपनिषदात सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. ते काही नवशिके नाहीत. वेद जाणणारे, शोध घेणारे आहेत. तरीही पिप्पलाद त्यांना आणखी एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह आपल्याजवळ राहायला सांगतात, मग हवे ते विचारा म्हणतात, आणि आपल्याला ठाऊक असेल तर सांगू, अशी पुस्तीही जोडतात. ही पुस्ती आजच्या जाहिरातींत शोधूनही सापडायची नाही. छांदोग्यातल्या सत्यकाम जाबालाला गोत्र ठाऊक नसते. आईने सांगितले तसेच तो सांगतो, आणि हारिद्रुमत गौतम त्याच्या खरेपणावरून त्याला शिष्य म्हणून स्वीकारतात. मात्र लगेच धडा सुरू होत नाही. चारशे रोडक्या गाई त्याच्या हवाली होतात. हजार झाल्याशिवाय परतायचे नाही असे तो स्वतःच ठरवतो. परतीच्या वाटेवर त्याला बैल, अग्नी, हंस आणि पाणपक्षी शिकवतात. कठोपनिषदातला नचिकेता तर वयाने अगदीच लहान. त्याने विचारलेला प्रश्न इतका पुढचा आहे की खुद्द यम तो टाळू पाहतो, आणि त्याऐवजी धन, आयुष्य, राज्य असे सगळे देऊ करतो. पोरगे बधत नाही, तेव्हाच शिकवणे सुरू होते. तिन्ही कथांत शिक्षणाआधी एक थांबा आहे, पण कुठल्याही थांब्यावर लेखी परीक्षा नाही. वयाची अट तर मुळीच नाही. पुढच्या ज्ञानाला लहान वय अपात्र ठरवत नाही, पण नुसती हुशारीही पात्र ठरवत नाही, असा या कथांचा कल दिसतो.

इथे अधिकार या कल्पनेची काळी बाजू झाकता येणार नाही. ज्या ब्रह्मसूत्रांत मनाच्या तयारीची एवढी सूक्ष्म चर्चा आहे, त्यांच्याच अपशूद्राधिकरणात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाकारला आहे, आणि शंकराचार्यांनी व रामानुजाचार्यांनी, दोघांनीही, तो नकार उचलून धरला आहे. पात्रतेची भाषा जन्माच्या भाषेत विरघळायला वेळ लागत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. सत्यकामाची कथाही या अधिकरणात उलट्या बाजूने वापरली गेली: इतका खरेपणा ब्राह्मणेतरात असणार नाही, म्हणून गौतमांनी त्याला ब्राह्मण ठरवले, असा अर्थ लावून.

या बंद दाराविरुद्धचा एक मोठा उठाव वऱ्हाडातच झाला. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव, महानुभाव पंथाचे महास्थान. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षमार्गाचा अधिकार दिला आणि आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले. त्यांच्या मागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनी संस्कृत पंडित असलेल्या केशोबासांना संस्कृतात प्रश्न विचारण्यापासून आणि लिहिण्यापासून परावृत्त केले. स्वामींनी आपल्याला मराठीतच सांगितले आहे, आणि संस्कृतामुळे साध्यासुध्या बायाबापड्या वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ याच रिद्धपुरात सिद्ध झाले. तत्त्वज्ञानाची खोली कमी न करता त्याची भाषा बदलता येते, हा या प्रसंगाचा अर्थ. सोपे करणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लपवले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या वाचकांना बंद राहिले. बोलीने उघडलेले दार लिपीने लावून घेतले. उघडलेली विद्या पुन्हा कुणाच्या तरी ताब्यात जाते, याचे हे उदाहरण पुढच्या चर्चेतही लक्षात ठेवण्याजोगे आहे. 2024 मध्ये त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले.

आधुनिक काळात वऱ्हाडातला हाच प्रश्न मंदिराच्या पायरीवरून शाळेच्या पायरीवर आला. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेशासाठी अस्पृश्यांनी चळवळ उभारली. त्यासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि या चळवळीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अस्पृश्येतर पुढाऱ्यांत डॉ. पंजाबराव देशमुख होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी 27 डिसेंबर 1898 रोजी शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, मग ब्रिटनमध्ये राहून बॅरिस्टर झाले आणि डॉक्टरेट मिळवून परतले. त्यांच्या प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा होता. ज्या वाङ्मयाचा अधिकार त्यांच्या समाजाला परंपरेने नाकारला, त्याच वाङ्मयावर त्यांनी परदेशात जाऊन अधिकार मिळवला. मराठीतल्या ‘अधिकार’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात.

पंजाबरावांना शिकण्यासाठी पुण्याला जावे लागले, कारण त्या वेळी वऱ्हाडात महाविद्यालयच नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, 1923 चे. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. मॅट्रिकनंतर गाव सोडण्याची ऐपत हीच तोवर पुढच्या शिक्षणाची खरी पात्रता होती. पंजाबरावांनी त्यावर दिलेले उत्तर वसतिगृहाचे होते. अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी उभारलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था विदर्भभर शाळा-महाविद्यालये काढत गेली. अकोल्याचे श्री शिवाजी महाविद्यालय त्यांतलेच. निवडक हुशारांना वर काढण्याऐवजी सगळ्यांच्या पायाखालची जमीन उंच करण्याचा हा मार्ग होता. त्याच काळात गाडगेबाबा कीर्तनांत हेच वेगळ्या भाषेत सांगत होते: जेवणाची थाळी मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा. ज्यांच्या नावाने आज अमरावतीचे विद्यापीठ आहे त्या बाबांना स्वतःला शाळेचा वाराही लागला नव्हता. विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर निरक्षर संताचे नाव छापले जाते, हा योगायोग वऱ्हाडी माणसाला विसंगत वाटत नाही, आणि तो तसा नाहीही.

दुसरा मार्ग निवडीचा. त्याचाही एक आरंभबिंदू अमरावतीतच आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. देशातली पहिली दोन जवाहर नवोदय विद्यालये 1985-86 मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली: एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरे अमरावतीला. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही योजना देशभर नेली आणि आज अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. पाचवीतल्या मुलांची चाचणी, जिल्ह्यातून जास्तीत जास्त 80 जणांची सहावीत निवड, तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, आणि बारावीपर्यंत निवासी शिक्षण, असे तिचे स्वरूप आहे. नववीतल्या काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषिक प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवले जाते. अमरावतीचे पोर हिंदी मुलखात जाते, तिकडचे इकडे येते. मेळघाटच्या पायथ्याचे किंवा दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातले झेडपीच्या शाळेतले मूल यातून एरवी न मिळणाऱ्या शिक्षकांपर्यंत आणि प्रयोगशाळांपर्यंत पोचते.

नवोदयचा नैतिक प्रश्न मात्र उरतोच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची बुद्धी कुणाची? त्याने ती कमावलेली नाही. घरात पुस्तक असणे, शिक्षक नियमित येणे, पोट भरलेले असणे, यांतून ती दिसू लागते. निवडलेल्या 80 जणांमागे चाचणीला बसलेली हजारो मुले गावाच्या शाळेतच राहतात, आणि त्या शाळेतून तिचा सर्वांत चौकस विद्यार्थीही निघून गेलेला असतो. याला एक उत्तर असे: ज्याला पेलते त्याला ते न देणे हाही अन्यायच आहे. गीतेतला स्वधर्माचा विचार या बाजूने वापरता येतो, कारण प्रत्येकाच्या प्रकृतीला अनुरूप कर्म वेगळे असते. पण त्याच गीतेत ज्ञानी माणसाने इतरांचा बुद्धिभेद करू नये, त्यांना सोबत घेऊन चालावे, असेही सांगितले आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, 1914 पासून चालत आलेल्या त्या आखाड्यात, ही अडचण सोपी होऊन सुटलेली दिसते. तरबेज मल्लाला वस्ताद अवघड डाव शिकवतो, पण त्याच लाल मातीत आणि नवख्यांच्या देखत. पुढे गेलेल्याने मागच्यांचा सराव घ्यायचा असतो. शाळेने ही रीत फारशी उचललेली नाही.

आता अकरावी-बारावीकडे. कोठारी आयोगाने (1964-66) सुचवलेली दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना महाराष्ट्रात आली आणि 1975 मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. पूर्वी मॅट्रिकनंतर महाविद्यालयात जी तयारीची वर्षे असत, ती शालेय शिक्षणाचा भाग झाली. म्हणजे ‘अधिक दोन’ हाच मुळात उच्च शिक्षणाच्या तयारीचा कार्यक्रम आहे. वऱ्हाडात तो बऱ्याच ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना जोडून चालतो. अकोल्याचे राधादेवी गोयनका किंवा आर. एल. टी., अमरावतीचे ब्रिजलाल बियाणी ही नावे कुठल्याही घरात ठाऊक असतात. पिप्पलादांचे ते एक वर्ष राज्याच्या शिक्षणपद्धतीने दोन वर्षांचे करून दिले, असे म्हणता येईल. भौतिकशास्त्रातले कलन, रसायनातली संरचना, जीवशास्त्रातली पेशी या साऱ्यांशी नीट ओळख व्हावी, भाषा पक्की व्हावी, स्वतः वाचण्याची सवय लागावी, एवढे त्या दोन वर्षांचे काम होते.

प्रवेश परीक्षांनी हे काम दुय्यम केले. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला 180 प्रश्न आणि 720 गुण. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. बारावीत खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून 50 टक्के मिळाले की पुढे त्या गुणांना गुणवत्ता यादीत किंमत नाही. जेईई मेनमधून एनआयटीत जायचे तर खुल्या प्रवर्गाला बारावीत 75 टक्के किंवा मंडळातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. तीही एक उडी मारून पार करायची चौकट. राज्याच्या एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासाला 20 टक्के आणि बारावीच्या अभ्यासाला 80 टक्के भार. या आकड्यांतून मुले स्वतःचा तर्क काढतात: कॉलेज नावापुरते, खरा अभ्यास क्लासमध्ये. काही ठिकाणी कॉलेज आणि क्लास यांनी हातमिळवणी केली आणि त्याला ‘इंटिग्रेटेड’ हे भारदस्त नाव मिळाले. 2018 मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती याच कारणाने. अंगठा उमटला की विद्यार्थी हजर झाला, असे यंत्र म्हणते; पिप्पलादांजवळचे ‘राहणे’ हे असे मोजता येत नाही.

अकोल्याचे उदाहरण इथे बोलके आहे. बुलडाणा, वाशीम, अमरावतीच्या पश्चिमेकडचे तालुके, इथून दहावी झालेली मुले अकोल्यात येतात. तोष्णीवाल ले-आउटसारख्या भागात क्लास, अभ्यासिका, मेस, मुलामुलींची वसतिगृहे आणि झेरॉक्सची दुकाने यांची एक स्वतंत्र वस्तीच झाली आहे. चार मुले मिळून रूम करून राहतात. आई गावाहून येऊन वर्षभर स्वयंपाकाला राहते अशीही घरे आहेत. कापूस-सोयाबीन विकून आलेला पैसा हप्त्याहप्त्याने फीत जातो. या सगळ्याला नुसता बाजार म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, आणि अप्रामाणिकही. कित्येक तालुक्यांत कनिष्ठ महाविद्यालयाकडे भौतिकशास्त्राचा पूर्णवेळ शिक्षक नसतो, तेव्हा रोज सहा तास फळ्यासमोर उभा राहून गणिते सोडवून दाखवणारा अकोल्याचा मास्तर हाच त्या मुलाला भेटलेला पहिला खरा विषयशिक्षक असतो. पंजाबरावांनी वसतिगृह काढून जी उणीव भरून काढली, तीच उणीव ही वस्ती भरते. फरक एवढाच की छात्रालयात जातीची अट काढून टाकली होती आणि इथे हप्त्याची अट घातली आहे. शासनाच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या गटांतल्या मुलांना मोफत प्रशिक्षण देतात, ते या अटीवरचेच उत्तर आहे. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवणीत प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक सूचना काढली. ती रामानुजांच्या बाजूची: वय आणि क्रम. मनाच्या तयारीविषयी ती गप्प आहे. सरकारी पत्रक त्याविषयी बोलूही शकत नाही.

जगात इतरत्र पुढच्या अभ्यासाची किंमत वेगळ्या तऱ्हेने ठरते. इंग्लंडमध्ये 1951 पासून ए-लेव्हल आहे. विद्यार्थी तीन-चार विषय निवडून दोन वर्षे खोल जातो आणि दीर्घ उत्तरे लिहितो. अमेरिकेत 1955 पासून कॉलेज बोर्डाचा ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट कार्यक्रम चालतो. शाळेतच महाविद्यालयीन पातळीचा विषय शिकून परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली, तर अनेक विद्यापीठे तो विषय झाला असे धरतात. जिनिव्हाहून 1968 मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबी या कार्यक्रमात ज्ञानाच्या स्वरूपावरच एक अभ्यास असतो आणि विद्यार्थ्याला स्वतःचा दीर्घ निबंध लिहावा लागतो. या पद्धतीही श्रीमंत शाळांकडे झुकलेल्या आहेत, ही तक्रार तिथलेच लोक करतात. तरी तिथे एक गोष्ट घडते जी अकोल्यात घडत नाही: पुढचा अभ्यास केला तर तो अभ्यास म्हणून मोजला जातो. वऱ्हाडातल्या मुलाने अकरावीत आवर्त गतीची गणिते कितीही खोल जाऊन सोडवली, तरी त्याचे रूपांतर एका क्रमांकात होते. तो क्रमांक कटऑफच्या खाली गेला तर दोन वर्षांच्या मेहनतीची कुठेच नोंद उरत नाही. पहिल्या वर्षाच्या बी.एस्सी.त तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मीमांसकांनी अध्ययनाच्या फळावर बरीच चर्चा केली आहे. वेद शिकावा, असा विधी आहे; पण शिकावा म्हणजे काय? अक्षरे मुखोद्गत झाली की विधी पुरा झाला, की अर्थ कळला पाहिजे? शबरस्वामींपासून भाट्ट परंपरेने अर्थज्ञान हेच अध्ययनाचे दृष्ट फळ मानले, कारण डोळ्यांसमोर दिसणारे फळ उपलब्ध असताना अदृष्टाची कल्पना करायची गरज नसते. यास्काने निरुक्तात अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याची तुलना ओझे वाहणाऱ्या खांबाशी केली आहे. क्लासमधल्या तयारीला ही कसोटी लावली तर निकाल एकतर्फी येत नाही. जेईई ॲडव्हान्स्डचा चांगला प्रश्न अर्थ कळल्याशिवाय सुटत नाही. तो सोडवणाऱ्या मुलीने यास्काच्या खांबाला कधीच मागे टाकलेले असते. याउलट मागच्या वर्षांचे प्रश्नसंच घोटून, पर्याय वगळण्याच्या युक्त्या शिकून, एका मिनिटात एक प्रश्न उडवण्याची जी कला येते, ती अक्षरग्रहणाच्या जवळची आहे. फरक कठीणपणात नाही. दोन्ही कठीणच आहेत. पहिल्यात विषय मनात शिरतो, दुसऱ्यात परीक्षा शिरते. पुढच्या अभ्यासाची निंदा करताना किंवा स्तुती करताना हे दोन एकत्र मिसळले जातात, आणि वाद तिथेच फसतो.

भाषेचा भाग इथे पुन्हा येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावी विज्ञानाला जाते तेव्हा ‘वेग’ आणि ‘चाल’ यांतला फरक त्याला ठाऊक असतो. ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘स्पीड’ म्हटल्यावर तो हरवतो. पहिले सहा महिने विज्ञान शिकण्यात जात नाहीत, शब्द बदलण्यात जातात. यावर उपाय म्हणून शाळांनी पाचवीपासूनच सेमी-इंग्रजी आणले. केशोबासांना नागदेवाचार्यांनी जे सांगितले त्याचा आदर राखून इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात: संकल्पना पक्की होण्याची भाषा आणि ग्रंथ वाचण्याची भाषा. वर्गात वऱ्हाडीत समजावून इंग्रजीत सोडवून घेणारे शिक्षक दोन्ही साधतात. अशा वर्गात मुलाला ‘कावून?’, म्हणजे ‘का?’, असे विचारायची लाज वाटत नाही. आणि ‘कावून’ हीच तर जिज्ञासा.

अधिकाराचा विचार गुलाबराव महाराजांशिवाय वऱ्हाडात पुरा होत नाही. 1881 मध्ये जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेले, अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे हे संत अवघी चौतीस वर्षे जगले. शाळा त्यांना मिळाली नाही. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, ऐकत, त्यांनी वेदान्तापासून पाश्चात्य विचारापर्यंत मजल मारली आणि शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. शंकराचार्यांच्या बाजूचा याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही: क्रम नाही, इयत्ता नाही, डोळेसुद्धा नाहीत, तरीही अधिकार आहे. पण अशा उदाहरणाचा धोका ओळखायला हवा. असामान्य माणसाला शाळेची गरज पडली नाही, म्हणून शाळा कमी चालेल, असा निष्कर्ष गरिबांच्या मुलांच्या वाट्याला येतो. श्रीमंत आपल्या मुलांसाठी तो कधीच काढत नाहीत. आणि महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणारी माणसे लाभली होती, हेही विसरता येत नाही. तेच त्यांचे विद्यालय होते.

पुढच्या शिक्षणाचे मोल ठरवताना बहुधा निवड झालेल्यांकडे पाहिले जाते. निकालाच्या दिवशी चौकाचौकात त्यांचे फलक लागतात. त्यांच्यासाठी क्लासचा उपयोग झाला यात शंका नाही, जरी तो किती काळ पुरतो हे वेगळे तपासावे लागते. अकोल्याच्या 2002 मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अमरावतीच्या पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाला शरीररचनाशास्त्राची दीर्घ उत्तरे लिहावी लागतात, शवविच्छेदनाच्या टेबलासमोर उभे राहून तोंडी परीक्षा द्यावी लागते. चार पर्यायांतून एक गोल काळा करणे तिथे कामाला येत नाही. आकृती काढणे, स्वतःच्या शब्दांत मांडणे, न कळलेले कबूल करणे, हे अकरावीच्या ‘नावापुरत्या’ कॉलेजात शिकायचे राहिलेले असते.

फलकावर न आलेल्यांची संख्या अर्थातच कितीतरी मोठी. त्यांतले काही ‘रिपीटर’ होऊन आणखी एक वर्ष अकोल्याच्याच रूमवर राहतात. काही फार्मसी, नर्सिंग, कृषी पदवी, बी.एस्सी. अशा वाटांनी जातात. काही शेतीकडे परततात. कर्माचा अधिकार आहे, फळाचा नाही, हे गीतेचे सूत्र त्यांना भिंतीवरच्या पोस्टरवर वाचायला मिळते, पण त्याचा शैक्षणिक अर्थ कुणी सांगत नाही. फळावर हक्क नसेल, तर निदान कर्म असे असावे की फळाविना केले तरी वाया जाणार नाही. ज्या मुलीला दोन वर्षांत पेशीविभाजन खरोखर कळले, ती कृषी महाविद्यालयात गेली तरी कपाशीच्या वाणाकडे वेगळ्या नजरेने पाहते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ, पंजाबरावांच्याच नावाचे, तिला तिथे पुढचे शिकवायला असते. जिला फक्त प्रश्नसंच पाठ झाले, तिच्याकडे परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी फार थोडे उरते. म्हणून एखाद्या कार्यक्रमाचा दर्जा मोजायचा तर त्यातून निवड न झालेली मुले पुढच्या जूनमध्ये कुठल्या वर्गात बसली आहेत आणि तिथे त्यांना काय येते, हे पाहावे लागते. असा हिशेब वऱ्हाडातल्या कुठल्याही फलकावर लावलेला आढळत नाही.